एकोणीस वर्षांच्या वेल्सची आठ मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनं एकोणिसाव्या वर्षी केलेली 'द हार्ट्स ऑफ एज' ही आठ मिनिटांची मूक फिल्म पाहिली. काही कळलं नाही. त्याच्या १९४१च्या गाजलेल्या 'सिटिझन केन'ची बीजं तिच्यात आहेत असं जो तो म्हणतो, मला ती दिसली नाहीत. मी स्वतः पहिली प्रयोगशील शॉर्ट फिल्म करतोय. ही फिल्म पाहावी कशी, आणि तिच्यातून घेण्यासारखं काय आहे?

बीजं दिसली नाहीत हे कबूल केलंत, हे फार बरं झालं. मलाही पहिल्यांदा दिसली नव्हती. नंतर दिसायला लागली, पण तोवर मी तिच्यावर लिहिलेलं बरंच वाचलं होतं. आधी वाचून मग पाहिलं की जे वाचलं तेच दिसतं.

मी एडिटर आहे, अधूनमधून शिकवतोही. एकदा मुद्दाम एका तुकडीला ही फिल्म वेल्सचं नाव सांगून दाखवली आणि दुसऱ्या तुकडीला 'एका शाळेच्या आवारात काही पोरांनी केलेली जुनी हौशी फिल्म' एवढंच सांगून. पहिल्या तुकडीला मृत्यूचं रूपक दिसलं, जर्मन एक्स्प्रेशनिझम (वाकडेतिकडे आकार आणि सावल्यांतून मनातली भीती दाखवणारी शैली) दिसला, तिरक्या फ्रेममध्ये भावी दिग्दर्शक दिसला. दुसऱ्या तुकडीतल्या दोघांनी तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढले. पण त्याच तुकडीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ही मुलं नाटकातली आहेत ना? प्रत्येक जण एन्ट्री घेतोय." या फिल्मबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा ते वाक्य मला जास्त नेमकं वाटतं. मी तिथूनच सुरुवात करतो.

मुलं खरंच नाटकातली होती. १९३४चा उन्हाळा, अमेरिकेत इलिनॉय राज्यातलं वुडस्टॉक हे छोटं गाव. तिथल्या टॉड स्कूल या मुलांच्या निवासी शाळेत वेल्स शिकला होता आणि मुख्याध्यापक रॉजर हिल यांचा तो लाडका होता. शाळा सोडल्यावर, सोळाव्या वर्षी, तो आयर्लंडला गेला आणि १९३१मध्ये डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये थेट मोठी भूमिका मिळवून उभा राहिला. ती भूमिकाही त्याच्या वयाच्या मानानं कितीतरी थोराड माणसाची, एका ड्यूकची होती. तीन वर्षांनी त्यानं हिल यांच्या पाठबळावर वुडस्टॉकच्या ऑपेरा हाउसमध्ये उन्हाळी नाट्यमहोत्सव भरवला आणि गेट थिएटरचे हिल्टन एडवर्ड्‌स आणि मिहॉल मॅकलिअमोर या दोघांना समुद्रापलीकडून बोलावून घेतलं. 'ट्रिल्बी', 'हॅम्लेट' आणि 'झार पॉल' अशी तीन नाटकं झाली. 'हॅम्लेट'मध्ये मॅकलिअमोर हॅम्लेट आणि एकोणीस वर्षांचा वेल्स त्याचा काका क्लॉडियस! पोरगा घरी कमी आणि दाढी-मिशा-सुरकुत्यांत जास्त राहत होता म्हणा ना.

'द हार्ट्स ऑफ एज' याच मंडळींनी, याच आवारात, नाटकाच्या धबडग्यात केली. दिग्दर्शनात वेल्सच्या बरोबरीनं विल्यम व्हॅन्स या त्याच्या मित्राचं नाव आहे. हे नाव चर्चेत नेहमी गळतं. सिनेमाचं वेड व्हॅन्सला आधीपासून होतं, हौशी फिल्म त्यानं यापूर्वीही केली होती. म्हातारीचं काम करणारी व्हर्जिनिया निकोल्सन त्याच वर्षी वेल्सची बायको झाली. म्हणजे वय वर्षं एकोणीस-वीसची, नाटकाच्या पेटीतला मेकअप हाताशी असलेली, एकमेकांच्या प्रेमात असलेली किंवा एकमेकांवर छाप पाडू पाहणारी पोरं. फिल्म कळायला एवढं पुरेसं आहे.

आता पडद्यावर काय आहे ते बघू. सुरुवातीला एक चकचकीत गोळा फिरताना दिसतो, ख्रिसमसच्या झाडावर टांगतात तसला. घंटा दिसतात, त्यातले काही शॉट निगेटिव्हमध्ये, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. एक म्हातारी बसल्या जागी पुढे-मागे झुलतेय आणि त्या झुलण्यात उघडउघड चावटपणा आहे. एक नोकर घंटेचा दोर ओढतोय. त्याचा चेहरा काळा रंगवलेला आहे. गोऱ्या नटानं तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय माणसाची टवाळी करायची, ही तेव्हाच्या अमेरिकन रंगभूमीची जुनी वाईट खोड. ती इथे जशीच्या तशी आली आहे, आणि पुढे या नोकराला फासावर लटकलेलाही दाखवलाय. तो विनोद समजून केलाय. 'तेव्हाचा काळ तसा होता' म्हणून मी ते झाकत नाही. वर्गात दाखवतो तेव्हा इथे थांबतो आणि बोलतो. तुम्हीही हा भाग डोळ्यांआड करू नका. एकोणीस वर्षांचा मुलगा नियम मोडायला निघतो तेव्हा त्याला ठाऊक असलेलेच नियम तो मोडतो. जे नियम आहेत हेच त्याच्या गावी नसतं, ते तसेच फिल्ममध्ये उतरतात.

मग वेल्स येतो. पांढरट, सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर हॅट, हातात काठी. वरच्या दारातून बाहेर पडून जिना उतरतो. पुन्हा त्याच दारातून बाहेर पडतो, पुन्हा उतरतो. पुन्हा. अँगल बदलतो, माणूस तोच, दार तेच. हॅट उचलून म्हातारीला अभिवादन करतो, चेहऱ्यावर ओशट हसू. तो मृत्यू आहे असं पुढे उमगतं. शेवटाकडे तो अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात पियानो वाजवायला बसतो, वाजवता वाजवता अडतो, उठून झाकण उघडून बघतो तर आत म्हातारी मरून पडलेली! मग तो स्वरलिपीची पानं काढावीत तशा थडग्याच्या दगडाच्या आकाराच्या पट्ट्या काढतो आणि एकेक चाळतो. 'निद्रिस्त', 'विश्रांती', 'शांती', 'देवाघरी' अशा अर्थाचे शब्द त्यांच्यावर आहेत. शेवटच्या पट्टीवर 'समाप्त'.

गोष्ट म्हणून एवढंच. तुम्हाला 'काही कळलं नाही' याचं कारण हेच की कळण्यासारखं याहून फारसं त्यात नाही.

पण एडिटर म्हणून मी दोन जागी थांबतो.

पहिली जागा जिन्याची. तुम्ही नाटक करत असाल तर जिना उतरणं ही एक क्रिया आहे. सुरू होते, संपते, नट खाली पोचतो, संपलं. तोच नट तीच क्रिया लगोलग पाच वेळा करू शकत नाही, कारण खाली आलेल्याला पुन्हा वर जायला वेळ लागतो. सिनेमात मात्र एक कट मारला की तो पुन्हा वर. आज हे वाचताना बाळबोध वाटेल, पण जन्मभर रंगमंचावर वावरलेल्या मुलाला हे पहिल्यांदा टेबलावर घडताना दिसतं तेव्हा काय होत असेल याची मला कल्पना आहे, कारण नाटकातून आलेली मुलं माझ्यासमोर बसून पहिल्यांदा फुटेज कापतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते मी पाहिलंय. एकदा सापडलं की ती थांबत नाहीत. दार उघडलं, पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. त्या आठ मिनिटांत मला हाच हावरटपणा दिसतो. जिन्याचे ते शॉट फिल्मला पुढे नेत नाहीत. पण ज्यानं ते केले त्याला मजा आली होती, हे नक्की.

दुसरी जागा पियानोची. ती मला खरोखर आवडते. फिल्म मूक आहे आणि तिच्यात घंटा आहेत, पियानो आहे, म्हणजे ज्यांचा सगळा जीव आवाजात आहे अशा वस्तू! आता विचार करा: मूक फिल्ममध्ये पियानो बिघडलाय हे कसं दाखवाल? वाजत असताना ऐकू येत नाही, बिघडल्यावरही ऐकू येत नाही. फरक दाखवायला हाताशी फक्त नटाचं शरीर उरतं. बोटं चालताहेत, अडली, चेहरा बदलला, तो उठला, झाकणाकडे गेला. तेवढ्यावरून आपल्याला न ऐकलेला आवाज बंद झाल्याचं कळतं. सबंध फिल्ममध्ये एवढा एकच विनोद असा आहे जो फक्त पडद्यावरच होऊ शकतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक प्रतींना कुणीतरी मागाहून संगीत चिकटवलेलं असतं. ते संगीत वेल्स झाकण उघडायला उठतो तेव्हाही ठणाणा चालूच राहतं आणि विनोदाचा जीव जातो. तुम्हीही तीच प्रत पाहिली असणार. आवाज बंद करून पुन्हा बघा.

आता तांत्रिक बाजूचं थोडं, कारण फिल्म अशी तुटक का आहे याचं अर्धं उत्तर तिथे आहे. १६ मिमी फिल्म कोडॅकनं १९२३मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आणली आणि पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत हौशी चित्रपटकारांचं मोठं जाळं उभं राहिलं, त्यांची संघटनासुद्धा १९२६मध्ये निघाली. कॅमेरे किल्लीचे. किल्ली दिली की मिनिटभराच्या आतच कॅमेरा थांबायचा, त्यामुळे लांब शॉट हा पर्यायच नसे. शंभर फुटांच्या रिळात साधारण ४,००० फ्रेम, सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगानं चार मिनिटं आणि थोडं वर. म्हणजे ही सगळी तयार फिल्म दोन रिळांत मावते. आजच्या मुलांना मी हा हिशेब मुद्दाम करायला लावतो. तुमच्या कार्डावर सहा तासांचं फुटेज मावतं, वेल्सकडे मोजकी मिनिटं होती, आणि तरी त्यानं जिना इतक्या वेळा उतरला. चैन कुठे करायची हे माणसानं ठरवलेलं असतं.

पुढे वेल्सनं स्वतः ही फिल्म झटकून टाकली. दिग्दर्शक पीटर बॉग्डनोविचशी बोलताना त्याचं म्हणणं असं की ती फिल्म नव्हेच, रविवारच्या एका दुपारी हिरवळीवर केलेली गंमत होती, फ्रेंच कवी-दिग्दर्शक झाँ कॉक्तोच्या 'द ब्लड ऑफ अ पोएट'ची टिंगल. ती टिंगल असणार याबद्दल मला शंका नाही. कॉक्तोची ती फिल्म १९३२मध्ये पॅरिसमध्ये लागली, पुढच्या वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कला आली आणि कलावंत मंडळींत तिची चर्चा होती. पियानोवर मेलेली गाढवं घालणारी बुन्युएल-दालीची 'अँ शियाँ आंदालू' तर १९२९चीच. त्यानंतर पियानोत म्हातारी घालणं म्हणजे चेष्टाच. पण 'एका दुपारची गंमत' हे मला पटत नाही. इतके सेटअप, आतले-बाहेरचे शॉट, मेणबत्तीच्या उजेडातला प्रसंग, लॅबमध्ये करून घ्यावे लागणारे निगेटिव्ह शॉट, थडग्यांच्या लिहून रंगवलेल्या पट्ट्या. गंमत म्हणून हिरवळीवर उतरलेली पोरं पट्ट्या रंगवत बसत नाहीत. मला वाटतं, त्यांनी मनापासून केली आणि मागाहून वेल्सला लाज वाटली. त्यात वावगं काही नाही. टिंगल करतोय असं म्हणत म्हणत आपल्याला आवडलेली गोष्ट करून बघायची, ही त्या वयाची नेहमीची पळवाट आहे. मीही वापरलेली आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, केनच्या बीजांकडे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मला या फिल्ममध्ये पाळणाच जास्त दिसतो, म्हणजे टॉड स्कूल, मेकअपची पेटी, त्या वर्षीची कलावंतांची फॅशन. पाय दिसल्याचं जे सांगतात, ते बहुधा फिरणाऱ्या गोळ्याकडे बोट दाखवतात. केनमध्ये बर्फाचा काचगोळा आहे, इथे ख्रिसमसचा गोळा आहे, झालं बीज! पण दोन्ही वापर शेजारी ठेवा. इथला गोळा फिरतो, छान दिसतो, कट. केनमध्ये तो काचगोळा मरणाऱ्या केनच्या हातातून सुटून फुटतो, हे आपण सुरुवातीलाच पाहतो. पुढे दुसरी बायको सुझन सोडून गेल्यावर केन तिच्या खोलीची नासधूस करतो, तेव्हा तो त्याच्या हाताला लागतो आणि केन एकदम थांबतो. आणि लक्ष देऊन पाहिलंत तर दोघांच्या पहिल्या भेटीत, सुझनच्या खोलीत, टेबलावरच्या पसाऱ्यात तो आधीच ठेवलेला आहे. त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. वस्तू दोन्हीकडे गोलच आहे हो, पण पेरणी फक्त केनमध्ये आहे. १९३४च्या वेल्सला चित्र सुचत होतं. ते चित्र कुठे ठेवायचं, किती वेळा, आणि कधी त्याच्याकडे न बघता पुढे जायचं, हे त्याला अजून यायचं होतं.

जिन्याचंही तसंच. पुनरावृत्तीचं वेड दोन्हीकडे आहे. केनमधला नाश्त्याच्या टेबलाचा प्रसंग आठवा. केन आणि त्याची पहिली बायको एमिली यांचा सगळा संसार काही मिनिटांत उलगडतो: तेच टेबल, तीच दोन माणसं, पुन्हा पुन्हा. पण प्रत्येक वेळी काहीतरी सरकलेलं असतं. कपडे, बोलण्याचा सूर, दोघांमधलं अंतर. शेवटी ती वर्तमानपत्रवाल्या केनच्या शत्रूचं वर्तमानपत्र वाचत बसलेली दिसते, शब्दही नाही. जिना पाच वेळा उतरला तरी मृत्यू तोच राहतो. टेबल पुन्हा पुन्हा मांडलं आणि लग्न मोडलं. मधल्या सात वर्षांत वेल्स काय शिकला हे मला एका ओळीत विचारलंत तर मी हे दोन प्रसंग एकापाठोपाठ लावीन. आणि ही कल्पना आली कुठून? वेल्सनंच सांगितलंय की ती थॉर्नटन वाइल्डरच्या 'द लाँग ख्रिसमस डिनर' या एकांकिकेवरून. म्हणजे बीज रंगभूमीवरचं, या हौशी फिल्ममधलं नव्हे.

आणखी एक धागा सांगतो. हा फारसा कुणी ओढत नाही, पण मला सर्वांत गोड वाटतो. केनमागे एक हौशी प्रयोगशील शॉर्ट फिल्म खरंच आहे, फक्त ती वेल्सची नाही. १९२८मध्ये हॉलिवूडमध्ये रॉबर्ट फ्लोरी आणि स्लाव्को वोर्कापिच या दोघांनी 'द लाइफ अँड डेथ ऑफ ९४१३: अ हॉलिवूड एक्स्ट्रा' नावाची फिल्म केली. नट व्हायला आलेल्या माणसाच्या कपाळावर नंबर पडतो आणि तो त्या नंबरानंच जगतो-मरतो. खर्च ९७ डॉलर, त्यातला निम्म्याहून जास्त लॅबच्या धुलाई-छपाईत गेला. इमारती पुठ्ठ्याच्या आणि खेळण्यांच्या, उजेड बल्बचा. या फिल्मच्या छायाचित्रणात एक तरुण होता, ग्रेग टोलँड. तेरा वर्षांनी केनचा कॅमेरा याच टोलँडनं सांभाळला. वेल्सकडे तो आपणहून आला, 'ज्यानं कधी सिनेमा केलेला नाही अशा माणसाबरोबर काम करायचंय' म्हणत. काय होऊ शकत नाही हे ठाऊक नसलेला माणूस त्याला हवा होता. आणि वेल्सनंही श्रेयनामावलीत त्याचं नाव स्वतःच्या नावाबरोबर एकाच कार्डावर घातलं. स्टुडिओच्या शिस्तीत इतकी वर्षं काढलेल्या टोलँडला पुठ्ठ्याच्या शहराची आठवण असणार, असं मला आपलं वाटतं.

आणि वेल्सची खरी शाळा मधल्या एका फसलेल्या उद्योगात झाली. १९३८मध्ये 'टू मच जॉन्सन' या नाटकाच्या प्रयोगात अंकांच्या आधी दाखवायला त्यानं मूक विनोदी फिल्म शूट केली. नायक जोसेफ कॉटन न्यूयॉर्कच्या छपरांवरून पळतोय. पण फिल्म पुरी कापून झालीच नाही आणि ऑगस्टमध्ये कनेक्टिकटच्या स्टोनी क्रीकला प्रयोग लागला तो फिल्मशिवाय. वेल्सच्या हॉटेलातल्या खोलीत एडिटिंगचं यंत्र बसवलेलं आणि जमिनीवर घोट्यापर्यंत नायट्रेट फिल्म, असं वर्णन त्या वेळच्या लोकांनी केलंय. नायट्रेट पेट्रोलसारखी पेटते, हॉटेलवाल्यांना पत्ता असता तर काय झालं असतं कोण जाणे. हे फुटेज जळून गेलं असं सगळे, खुद्द वेल्ससुद्धा, समजत होते. ते इटलीत पोर्देनोने इथे एका गोदामात सापडलं आणि ऑक्टोबर २०१३मध्ये तिथल्याच मूकपटांच्या महोत्सवात दाखवलं गेलं. न कापलेलं, एकाच शॉटचे अनेक टेक तसेच. दिग्दर्शक टेकमागून टेक काय बदलतोय हे त्यात उघडं दिसतं. 'हार्ट्स ऑफ एज'पेक्षा शिकायला ते कितीतरी उपयोगी, माझ्या मते.

त्यानंतर रेडिओ, १९३९चा आरकेओ स्टुडिओशी करार, हाती घेऊन सोडावा लागलेला पहिला चित्रपट, आणि मग १९४१ला केन. तोही पंचविसाव्या वर्षी म्हाताऱ्याचा मेकअप करून! ही एक गोष्ट मात्र सरळ रेषेत आली आहे हे मान्य. मरणाचं आणि म्हातारपणाचं त्याला तरुणपणापासून विलक्षण आकर्षण होतं आणि ते त्याला चेहऱ्यावर चढवून बघायला आवडायचं. १९३४ला त्यानं मृत्यूचं सोंग काढलं, १९४१ला मरणारा माणूस उभा केला. या दोन कामांना लागणारा मेकअप सारखाच, नट मात्र वेगळा लागतो.

तुमच्या फिल्मबद्दल. स्क्रिप्ट मी पाहिलेली नाही, त्यामुळे मोघम बोलतो. 'प्रयोगशील' म्हटलं की मुलं माझ्याकडे तीन गोष्टी घेऊन येतात: घड्याळ, आरसा आणि जिना. मी नको म्हणत नाही. एवढंच विचारतो, की ही वस्तू तुमच्या फिल्ममध्ये दुसऱ्यांदा येते तेव्हा काय बदललेलं असतं? उत्तर नसेल तर ती फक्त फिरणारा गोळा आहे. उत्तर असेल तर वाटेल तितक्या वेळा दाखवा. आणि पियानोसारखी एक तरी जागा शोधा, जी लिहून सांगता येणार नाही, रंगमंचावर होणार नाही, फक्त कापल्यावर होईल. आठ मिनिटांत तशी एक जागा सापडली तरी पुष्कळ झालं, वेल्सलाही एकच सापडली.

टिंगल करायची असेल तर ज्याची करताय ती फिल्म आधी शॉटवार उतरवून काढा, कागदावर, सेकंदांसकट. अर्ध्या वाटेवर बहुतेकांची टिंगलीची हौस फिटते आणि ती फिल्म आवडायला लागते. तसं झालं तर पळवाट सोडा आणि सरळ तेच करा. अभिनयाबाबत मात्र त्या मुलीचं वाक्य ध्यानात ठेवा. कॅमेऱ्यासमोर एन्ट्री घ्यायची नसते, शॉट सुरू होतो तेव्हा माणूस आधीपासूनच तिथे असतो. नाटकातले मित्र घेणार असाल तर त्यांना ॲक्शन म्हणायच्या आधीच काम सुरू करायला सांगा, डोकं-शेपूट एडिटमध्ये कापता येतं.

पाहण्याचा क्रम विचाराल तर आधी 'हॉलिवूड एक्स्ट्रा', मग आवाज बंद करून 'हार्ट्स ऑफ एज', मग 'टू मच जॉन्सन'मधला छपरांवरचा पाठलाग, आणि शेवटी केन पूर्ण न लावता फक्त नाश्त्याचा प्रसंग. एका संध्याकाळचं काम आहे. बीजं शोधू नका, कुठे काय नाही ते टिपत जा.

आणि हो, कामाची गोष्ट. 'हार्ट्स ऑफ एज' आज आपल्याला पाहता येते ती व्हॅन्सनं जपून ठेवली म्हणून. त्याची प्रत कनेक्टिकटमधल्या ग्रेनिचच्या सार्वजनिक वाचनालयात पोचली, तिथे ती जोसेफ मॅकब्राइड या अभ्यासकाच्या हाती आली आणि त्यानं १९७०मध्ये 'फिल्म क्वार्टर्ली' या नियतकालिकात तिच्यावर लिहिलं. म्हणजे छत्तीस वर्षं तिचं नावही कुणी घेत नव्हतं. वेल्सच्या भरवशावर राहिली असती तर गेलीच असती. तेव्हा तुमचं रॉ फुटेज आणि फायनल, दोन्ही दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक डिस्क तुमच्या व्हॅन्सकडे द्या. फिल्म आवडेनाशी झाली म्हणून स्वतः पुसून टाकायचा मोह तुम्हाला साधारण चौथ्या वर्षी होईल.

माझी पहिली फिल्म १६ मिमी रिव्हर्सलवर होती. त्या प्रकारात कॅमेऱ्यातली फिल्म धुऊन तीच प्रोजेक्टरवर चढवायची, निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. दुसऱ्याच शोला प्रोजेक्टरनं तिच्या कडेची भोकं फाडली. चाळीस सेकंदं वाचली. त्यात एक मुलगा आरशासमोर उभा आहे आणि मागे घड्याळ. ती चाळीस सेकंदं डब्यात आहेत. मी ती अजून एकाही वर्गाला दाखवलेली नाहीत.